तीन दरपत्रकं आणि एक वैमानिक

आमच्या ऑफिसात साधा झाडूसुद्धा तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय घेत नाहीत. हे मी अभिमानाने सांगतो, कारण ती दरपत्रकं मागवणारा मीच. पाणीपुरवठ्याच्या खरेदी विभागात माझी हयात गेली. पाइप घ्या, झडपा घ्या, साहेबांच्या केबिनचा पडदा घ्या. तीन ठिकाणांहून भाव येणार, त्यांचा तुलनात्मक तक्ता होणार, तक्त्याखाली माझी सही होणार आणि मगच वस्तू येणार. कधी कधी तोवर वस्तूची गरज संपलेली असते. पण तो दोष पद्धतीचा नाही, गरजेचा आहे.

हीच पद्धत मी घरातही चालवतो. फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा मी शहरातली दुकानं पालथी घातली, तक्ता केला, त्यावर दोनदा फेरविचार केला, आणि फ्रीज घरी आला त्या दिवशी थंडी पडली. "आता लगेच स्वेटरची दरपत्रकं मागवा," आमची ही म्हणाली. "म्हणजे उन्हाळ्यापर्यंत येतील." मोठ्या कामाची घरात किंमत नसते, हे मी तेव्हाच ओळखलं.

तर सोमवारी सकाळी आमच्या मुलीला नोकरी लागली. एक नव्हे, एकदम तीन.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी उभी म्हणून राहत नसे, त्यावरून ते नाव पडलं आणि चिकटलं. पुढे ती वैमानिक झाली. परवाना हातात आला आणि नेमक्या त्याच सुमारास विमान कंपन्यांनी नव्या लोकांना घ्यायचं बंद केलं. वर्ष उलटून गेलं. पोर घरी बसून शेजारच्या मुलांना गणित शिकवत होती. तिचा पांढरा शर्ट इस्त्री करून कपाटात टांगलेला असायचा. आकाशात विमानाचा आवाज आला की ती बोलता बोलता थांबायची आणि आवाज पार विरेपर्यंत पुढचा शब्द काढायची नाही. ते थांबणं मला बघवायचं नाही. मी उगाच नळ सोडायचो, वर्तमानपत्र फडफडवायचो. बाप दुसरं काय करणार?

आणि आता एकदम तीन कंपन्यांची पत्रं! तिन्हींना उत्तर शनिवारी दुपारी बारापर्यंत हवं होतं.

"मी ठरवते, बाबा," भिंगरी म्हणाली.

"अगं, पस्तीस वर्षांची नोकरी ती! आणि तू ठरवणार? ठरवण्याचं काही शास्त्र असतं," मी म्हणालो आणि भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढून त्याच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला घेतल्या.

कंपन्यांची नावं मी इथे देत नाही. उद्या कुणाचा वकील दारात उभा राहायला नको. विमानांच्या शेपटीच्या रंगावरून आम्ही त्यांना निळी, लाल आणि पिवळी म्हणत होतो. निळी म्हणजे जुनी, भारदस्त कंपनी. मोठाली विमानं, समुद्रापलीकडची उड्डाणं, नोकरी एकदा लागली की जन्माची; फक्त कॅप्टन व्हायला इतकी वर्षं लागतात, की तोवर टोपी डोक्यावर बसायला केस उरत नाहीत. लाल कंपनी नवी आणि धडाक्याची. दर आठवड्याला एक नवं विमान, कॅप्टनपद झटपट. पण काही वर्षं सोडून जाणार नाही असा बाँड लिहून द्यायचा आणि ते पाठवतील त्या शहरात राहायचं. पिवळी अगदीच चिमुकली. तिची विमानं पंख्याची, ती जायची आडगावांना. तिचा तळ मात्र आमच्याच शहरात. पगाराचं म्हणाल तर सुरुवातीला तिघींचं उन्नीस-बीस, त्यामुळे तो रकाना मी काढलाच नाही.

भिंगरीचा कल लाल कंपनीकडे होता. तसं ती बोलली नव्हती, पण लाल कंपनीचं पत्र तिने उशीखाली ठेवलं होतं आणि बाकीची दोन टेबलावर.

मंगळवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब आले. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. कुठलाही कागद हातात आला की ते आधी उजेडासमोर धरतात. त्यांनी माझं कॅलेंडर उजेडासमोर धरलं, मागचा फेब्रुवारी लक्षपूर्वक वाचला आणि म्हणाले, "ताळेबंद कुठे आहेत?"

"कुणाचे?"

"कंपन्यांचे! अहो, मुलगी पन्नाशीची होईल तेव्हा कंपनी जागेवर असायला नको? मागे एका विमान कंपनीने आमच्या बँकेकडे कर्ज मागितलं होतं. मी सरळ नाही म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग दुसऱ्या बँकेने दिलं. तिथला मॅनेजर अजून विमानतळावर चकरा मारतो. प्रवासाला नव्हे."

मी 'कंपनी टिकेल काय' असा रकाना वाढवला. तेवढ्यात समोरच्या वहिनी विरजणासाठी वाटी घेऊन आल्या आणि वाटी टेबलावर ठेवून बसल्याच.

"भावजी, युनिफॉर्म बघितलात का? शर्ट काय, सगळीकडे पांढरेच. पँट बघा. गडद असली म्हणजे डाग दिसत नाहीत. आणि परगावी राहिली तर इस्त्री कोण करणार?"

मी 'इस्त्री' असा रकाना काढला. माणसाने सूचना लहान म्हणून टाकू नये. पाणीपुरवठ्यात अख्खी टाकी एका वायसरपायी गळते.

"आणि ती पंख्याची विमानं मात्र नको हो," वहिनी म्हणाल्या. "पंखा बंद पडला म्हणजे?"

"दोन असतात, वहिनी."

"आमच्या हॉलमध्येही दोन आहेत. दोन्ही बंद."

यावर मॅनेजरसाहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. रकाने वाढत गेले, एक कॅलेंडर पुरेना, म्हणून आणखी दोन जोडली. तक्त्याने जेवणाचं टेबल व्यापलं आणि आम्ही घरातल्या तिघांनी ताटं हातात घेऊन ओट्याशी उभ्याने जेवण केलं. हिने आमटी वाढताना पळी पातेल्यावर जरा जोरात आपटली.

जेवल्यावर भिंगरी तक्त्यावर वाकली.

"बाबा, हा 'हमी कालावधी' कशाला?"

"सवयीने पडला."

"आणि 'वाहतूक व हमाली'?"

"राहू दे. लागेल."

ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. हीसुद्धा हसली. मी तक्त्याची घडी घातली. ज्या माणसाच्या तक्त्यावर आजवर एकाही तपासनिसाने बोट ठेवलं नाही, त्याच्यावर त्याच्याच घरात ही वेळ यावी!

तरी आतून मला ठाऊक होतं की माझ्या तक्त्यात खोट आहे. मी जन्मात विमानात बसलेलो नव्हतो. झडप कशी असते ते न बघता झडपेचा तक्ता करण्यातला हा प्रकार. म्हणून बुधवारी रजा टाकून मी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त कॅप्टनांकडे गेलो. हे गृहस्थ आयुष्यभर विमानं उडवून आता तळमजल्यावर राहतात. वरचा मजला स्वस्त मिळत होता, पण म्हणाले, "वर खूप राहिलो, आता बास."

मी तक्ता त्यांच्या जमिनीवर पसरला. त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत वाचला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण यात नंबर कुठे आहे?"

"कसला नंबर?"

"सीनियॉरिटीचा. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती. नोकरीला लागता त्या दिवशी तुम्हाला नंबर मिळतो. तुम्ही किती हुशार, किती देखणे, कुणाचे जावई, काही चालत नाही. विमान कोणतं मिळणार, गाव कोणतं मिळणार, रविवारी घरी की ढगात, सगळं नंबराप्रमाणे. तुमच्या पुढचा माणूस निवृत्त झाला की तुम्ही एक पायरी वर. आणि कंपनी बदलली की, कॅप्टन असा नाहीतर कुणी, पुन्हा रांगेच्या शेवटी."

"म्हणजे बदलायची सोयच नाही?"

"मी तीनदा बदलली ना! तिन्ही वेळा शेवटून पहिला." कॅप्टन खो खो हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "मुलीचे वाढदिवस तेवढे चुकले. फोनवरून मेणबत्त्या विझवायचो. म्हणून सांगतो, लवकर ठरवा. आज होकार देणारा उद्या होकार देणाऱ्याच्या कायमचा पुढे असतो."

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन मुलीला म्हणाला असता, बाई गं, लवकर ठरव. पण मी खरेदी विभागातला. माझ्या डोक्यात उजेड पडला तो वेगळाच. नंबर ही इतकी मोलाची चीज असेल, तर त्यावर घासाघीस का नको? तीन पुरवठादार आहेत, मागणी एकाच नगाची आहे. तिघांनाही दरपत्रक भरायला लावावं, जो पुढचा नंबर देईल त्याला मुलगी द्यावी. (नोकरीला.)

घरी आलो तेव्हा भिंगरी शिकवणीला गेली होती आणि तिचा कॉम्प्युटर उघडाच होता. तिन्ही कंपन्यांची पत्रं ई-मेलवरही आली होती, ती समोर दिसत होती. मी बसलो. माझी बोटं एकदा चालू लागली की थांबत नाहीत. हा मसुदा मला झोपेतही येतो. 'विषय : वैमानिक (एक नग) दीर्घकालीन सेवेत घेण्याकरिता दरपत्रक मागविणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की…' आणि मग अटी. तांत्रिक व आर्थिक देकार स्वतंत्र पाठवावेत. देऊ करीत असलेला सीनियॉरिटी नंबर अंकी व अक्षरी नमूद करावा. देकारासोबत बयाणा रक्कम भरावी. मागणीप्रमाणे नमुना सादर करावा. आणि शेवटी आमच्या खात्याचं ब्रह्मास्त्र : 'कोणतेही कारण न देता कोणतेही किंवा सर्व देकार नाकारण्याचा अधिकार निम्नस्वाक्षरीकार राखून ठेवीत आहे.' खाली मुलीचं नाव, तिच्या वतीने माझी सही.

तिन्हीकडे धाडून दिलं. धाडताना छाती जरा फुगली होती, हे नाकारत नाही.

गुरुवारी सकाळी भिंगरीच्या खोलीतून आवाज आला, "बाबा!" हा आवाज मी शेवटचा ऐकला होता तो तिचा पतंग चुकून माझ्याकडून भंगारात गेला तेव्हा.

लाल कंपनीचं उत्तर आलं होतं. दोनच ओळी. आपल्या अटी पाहता आपण नियुक्तीस इच्छुक नाही असं आम्ही समजतो, देऊ केलेली जागा रद्द करण्यात येत आहे.

"बाबा, तुम्ही माझं टेंडर काढलंत?"

मी त्या दोन ओळी पुन्हा वाचायला वाकलो, तर हिने मला मागे ओढलं.

"लाल कंपनीकडून बयाणा मागितलात?"

"नियमात आहे," मी म्हणालो. फार हळू म्हणालो.

भिंगरी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. उशीखालचं पत्र काढून तिने टेबलावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने वरून एक विमान गेलं. आवाज पार विरला तरी आतून काही हालचाल नव्हती. मी नळ सोडला नाही, वर्तमानपत्र फडफडवलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, सरळ सांगतो. वर्षभर पोरीने ज्याची वाट बघितली, ते मी एका मसुद्यात घालवलं होतं.

बातमी जिन्यातून वर-खाली व्हायला वेळ लागला नाही. मॅनेजरसाहेब येऊन म्हणाले, "बयाणा तरी किती मागितलात?" वहिनी म्हणाल्या, "भावजी, झालं ते बरंच झालं. लाल कपड्याचा धुताना रंग जातो." मी दोघांनाही दारापर्यंत पोचवलं.

शुक्रवारी पुन्हा रजा टाकली आणि लाल कंपनीच्या ऑफिसात गेलो. सगळी इमारत काचेची. कुठली काच दार आहे आणि कुठली भिंत, हे कपाळाने तपासावं लागतं, मी तपासलं. आत माणूस नव्हता, यंत्र होतं. त्यावर भेटीचं कारण निवडायचं : मुलाखत, सामान पोचवणे, किंवा इतर. मी 'इतर' दाबलं. यंत्राने पुन्हा तोच प्रश्न विचारला. पुन्हा 'इतर'. पुन्हा प्रश्न. मागे रांग वाढू लागली. एकजण म्हणाला, "काका, काहीतरी दाबा." मुलाखत दाबावी तर ते खोटं झालं असतं, म्हणून मी 'सामान पोचवणे' दाबलं. 'डिलिव्हरी' असं ठळक छापलेला एक स्टिकर बाहेर आला. रखवालदाराने तो माझ्या छातीवर लावला आणि मला इमारतीच्या मागच्या बाजूला पाठवलं.

आयुष्यभर पुरवठादारांना मी मागच्या दाराने बोलावलं. त्या दिवशी कळलं की मागच्या दारापाशी ऊन फार असतं. सामानाच्या लिफ्टमध्ये दोन फोटोकॉपी यंत्रं आणि मी असे तिघं वर गेलो. भरतीच्या खात्यात एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. माझ्या छातीकडे बघून म्हणाल्या, "काय पोचवायला आलात?"

"माफी," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. झाडूपासून सांगितलं. बाईंनी ते पत्र पडद्यावर उघडलं.

"हे निम्नस्वाक्षरीकार तुम्ही? आम्हाला वाटलं, मुलीने वकील लावलाय. ते 'कोणतेही कारण न देता' वाचून आमच्या कायदा विभागाने दोन बैठका घेतल्या."

"मसुदा चांगला आहे तो," मी म्हणालो. राहवलं नाही.

बाईंनी ओठ दाबून धरले, पण शेवटी हसू फुटलंच. "काका, माझ्या मुलाखतीच्या वेळी माझे बाबा बाहेर छत्री घेऊन उभे होते. आकाशात ढग नव्हता. साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, ती आत भिजणार नाही ना एवढं बघायला आलोय." त्यांनी पडद्यावरचं पत्र बंद केलं. मग म्हणाल्या, "जागा पुन्हा खुली करते. पण उद्या बाराच्या आत मुलीचं उत्तर यायला हवं. मुलीचं. तुमचं नव्हे."

मी पाया पडायचाच बाकी होतो. सामानाच्या लिफ्टने खाली आलो, रिक्षा केली, आणि रिक्षावाल्याला न विचारता सगळी हकीकत सांगितली. त्याने वाटेत सल्ला दिला की विमानापेक्षा तीन चाकं बरी, बंद पडली तर ढकलता येतात. मी त्यालाही होकार दिला. त्या दिवशी मी कुणालाही होकार दिला असता.

घरात फक्त ही होती.

"भिंगरी कुठाय?"

"नमुन्याला गेलीय."

"काय?"

"तुम्ही निघालात आणि पाठोपाठ पिवळ्या कंपनीतून फोन आला. त्यांचे मुख्य वैमानिक बोलत होते. पोट धरून हसत होते म्हणे. म्हणाले, बयाणा भरायची आमची ऐपत नाही, नंबरही घासाघिशीचा नाही, पण अटीप्रमाणे नमुना द्यायला तयार आहोत. सकाळच्या विमानात जागा आहे, चार गावं करून संध्याकाळी परत. ती नाहीच म्हणत होती. मी घातलं तिला शर्टात आणि पाठवलं."

भिंगरी संध्याकाळी आली. काल दार लावून बसलेली मुलगी ही नव्हेच. ती बुटांसकट टेबलाशी बसली आणि माझ्या तक्त्यावर ताट ठेवून जेवू लागली. जेवता जेवता दोन्ही हातांनी विमान दाखवत होती. डोंगराला वळसा कसा घातला, वाऱ्यात नाक कसं तिरकं धरलं, एके ठिकाणी धावपट्टी इतकी आखूड की टोकाला शाळेची भिंत, आणि भिंतीवर मुलं ओळीने बसून हात करत होती. प्रत्येक थांब्यावर कॅप्टनबाईंनी तिला पुढे बोलावून सगळं समजावलं होतं. एका गावाहून डोळ्याला पट्टी बांधलेले आजोबा शहरात इस्पितळात निघाले होते; ते वाटभर तिला विचारत होते, आता खाली काय दिसतंय?

"आणि मी सांगत होते, बाबा. नदी सांगितली, रस्ता सांगितला. मोठ्या विमानातून काय सांगणार? खाली ढग, वर ढग. आणि इथे दिवसाला कितीतरी वेळा उतरायचं! यंत्रावर न सोडता, हाताने! लाल कंपनीत तेवढं उतरायला मला किती महिने लागतील."

मला खिशातली बातमी सांगायची होती. सांगितली. लाल कंपनीची जागा पुन्हा खुली झाली आहे, उद्या बारापर्यंत. काचेचं, स्टिकरचं आणि फोटोकॉपी यंत्रांचं जरा आवरतं घेतलं, पण कपाळावरच्या टेंगळाने ते सांगितलंच.

भिंगरी उठली आणि तिने टेंगळावर बर्फ लावायला फ्रीज उघडला. थंडीत का होईना, आणून ठेवला होता म्हणून.

"दुखतंय?"

"नाही. तू लाल कंपनीला लिहून टाक."

"बाबा, मी पिवळीत जाते."

मी तक्त्याकडे बघितलं. त्यावर आमटीचा डाग पडला होता, नेमका 'कंपनी टिकेल काय' या रकान्यात. "अगं पण पिवळी लहान आहे. उद्या बंद पडली म्हणजे? पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागेल. कॅप्टन म्हणाले…"

"कॅप्टन तीनदा उभे राहिले ना? मी वर्षभर रांगेतच नव्हते, बाबा. शेवटी तरी उभं राहू द्या म्हणत होते. आता मला शेवटाची भीती नाही वाटत." ती बर्फ धरून उभी होती. "तुमच्या तक्त्यात सगळं आहे. मला काय उडवायला आवडेल, तेवढं नाही. आणि ते मला तरी कुठे ठाऊक होतं? तुम्ही नमुना मागवलात म्हणून कळलं."

माझ्या हयातीत माझ्या मसुद्याची अशी कदर कुणी केली नव्हती. बर्फाचं पाणी डोळ्यात आलं, असं मी हिला सांगितलं.

शनिवारी सकाळी भिंगरीने पिवळीला होकार कळवला. कॉम्प्युटर माझ्याकडे सरकवत म्हणाली, "बाकीच्या दोघींना नकार तुम्ही लिहा. छान लिहा."

मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला. नाकारण्याचा तो अधिकार मी शेकडो कागदांवर राखून ठेवला होता, पण वापरायची पाळी एकदाही आली नव्हती. शेवटी कुणाचा तरी माल घ्यावाच लागतो. त्या दिवशी मी तो वापरला, तोही काचेच्या इमारतीतल्या कंपनीवर. लाल कंपनीला मात्र एक ओळ जास्त लिहिली : 'छत्रीवाल्या वडिलांना नमस्कार सांगावा.' निळ्या कंपनीचं उत्तर कित्येक महिन्यांनी आलं. माझ्या मूळ मागणीपत्रावर जावक क्रमांक नसल्याने ते तीन प्रतींत पुन्हा सादर करावं, असं त्यात होतं. वाचून मन भरून आलं. माणसं होती ती आपल्यातली.

प्रशिक्षण संपून भिंगरी उडू लागली आणि एके दिवशी तिने आमच्या हातात दोन तिकिटं ठेवली. ही खिडकीशी बसली. मी बाहेरच्या बाजूला बसलो, म्हणजे वेळ आली तर उठता यावं. पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. मॅनेजरसाहेबांनी निघताना विमानाचं वय विचारून घ्यायला सांगितलं होतं आणि वहिनींनी पंखे मोजायला. पंखे दोन होते. दोन्ही फिरायला लागले तसा मी पट्टा पुन्हा सैल केला. मी हिला म्हणालो, "अगं, मी काय म्हणतो, तू हो पुढे. मी पुढच्या विमानाने येतो."

तेवढ्यात डोक्यावरचा स्पीकर खरखरला आणि ओळखीचा आवाज आला. आधी वेळ सांगितली, हवा सांगितली, पट्टे बांधायला सांगितलं. मग तो आवाज जरा थांबला.

"आजच्या विमानात एक प्रवासी नमुना तपासायला आलेले आहेत. कोणतेही कारण न देता नाकारण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवलेला आहे. त्यांना नम्रपणे कळवण्यात येतं, की दार बंद झालेलं आहे."

विमानभर हसू पसरलं. ही तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "कोण हो असा माणूस?"

"निम्नस्वाक्षरीकार," मी म्हणालो आणि हात वर केला. आणि तो खाली घ्यायच्या आत चाकांनी जमीन सोडली.